नादारी कुणाची, मेहनताना कुणाचा?

अब्बांच्या जुन्या कागदांच्या पिशवीत शाळेची एक चिठ्ठी आहे. घडी पडून पडून फाटलेली. तिच्यावर हेडमास्तरांच्या सहीवर दोनच शब्द आहेत, ‘नादारी मंजूर’. जुन्या पिढीतल्या वाचकांना अर्थ सांगायला नको. घरची परिस्थिती नसलेल्या मुलाची फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. शब्द फारसीतून आला. ‘दार’ म्हणजे बाळगणारा. आधी ‘ना’ लागला की ज्याच्याजवळ काहीच नाही असा माणूस. उर्दूतही तो आहे, मराठीतही. वर्गात दोन्ही भाषा शिकवताना मी हा शब्द मुद्दाम घेते, कारण दोन्हीकडच्या मुलांना तो आपलाच वाटतो.

२०१६ साली दिल्लीत जो दिवाळखोरीचा नवा कायदा झाला, त्याचं मराठी नाव ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’. नाव वाचून मला अब्बांची चिठ्ठी आठवली. शाळेत नादारी लागली की फी माफ होत असे. कोर्टात नादारी लागली की सगळ्यात आधी फीच वसूल होते. वकिलाची, रिसीव्हरची, मूल्यांकन करणाऱ्याची. बुडालेल्याच्या घरातून जे काही निघतं त्यातून आधी ही मंडळी, पूर्ण पैसे घेऊन, आणि मग उरलं तर बाकीचे. या लेखात मला याच क्रमाशी भांडायचं आहे. क्रम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. त्याला तळ नाही, हे माझं म्हणणं आहे.

घरातलीच गोष्ट सांगते. माझे एक मामू मोमीनपुऱ्यात माग चालवत. लुंग्या आणि सुती साड्या. माल गांधीबागेतल्या एका पेढीला उधारीवर जाई. हिशेब ईदला आणि दिवाळीला. गांधीबागेचा घाऊक कपडा बाजार असाच चालतो. चिठ्ठीवर, तोंडी शब्दावर, ‘पुढच्या हप्त्यात’ वर. १९९६ साली ती पेढी बसली. मालकानं कोर्टात अर्ज दिला, कोर्टानं रिसीव्हर नेमला, दुकानाला सील लागलं. मामूंचे अडकले ३८,४०० रुपये. आज हा आकडा छोटा वाटेल. तेव्हा त्यात मागावर काम करणाऱ्या दोन माणसांची वर्षाची मजुरी होती, आणि मामूंनी ती मजुरी मामीजानच्या बांगड्या मोडून दिली. त्या दोघांना सांगता आलं असतं की बाबांनो, पेढी बुडाली, मी काय करू. त्यांनी नाही सांगितलं.

अकरा वर्षांनी, २००७ मध्ये, टपालानं एक पाकीट आलं. मी तेव्हा बी.एड. करून नुकतीच नोकरीला लागले होते; घरात इंग्रजी वाचणारी मीच. मामूंनी चष्मा काढून कागद माझ्यासमोर सरकवला. “बेटा, देख तो, इसमें अपना कितना है?” कागद हिशेबाचा होता. माल, फर्निचर आणि वसूल झालेली उधारी मिळून ४,१२,००० रुपये जमा. त्यातून गोदामाचं भाडं आणि पहारेकरी ९६,०००. जाहिरात आणि लिलावाचा खर्च २१,०००. रिसीव्हरचं मानधन ४१,२००. वकिलांची फी १,३८,८००. वाटपासाठी उरले १,१५,०००, आणि देणेकरी मागत होते २३ लाख. रुपयाला पाच पैसे. मामूंना आले १,९२० रुपये.

मी तो कागद तीनदा वाचला. चोरी कुठेच नव्हती, सगळं मंजूर होतं, प्रत्येक ओळीपुढे आदेशाची तारीख होती. खटकत होती ती एकच गोष्ट. सगळ्या धनकोंना मिळून १,१५,००० आणि वकिलांना १,३८,८००. हे वकील कशासाठी लढले तेही मी नंतर विचारून घेतलं. एक दावा दुकानाच्या पागडीचा होता, तो हरले. एक उधारी वसुलीचा होता, त्यातून थोडं आलं. आणि एक अर्ज होता तो खुद्द रिसीव्हरच्या मानधनाचा. किती द्यायचं यावर वाद झाला, म्हणून त्या वादासाठीही वकील लागला, आणि त्या वकिलाची फीसुद्धा त्याच ४,१२,००० मधून गेली. मामू हसले. म्हणाले, “मय्यत गरीब की, और कफन रेशम का.”

हे वाक्य मी पुढे अनेकदा वापरलं आहे. कारण त्यात आपल्या फिक्हचा एक अख्खा धडा बसला आहे. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेवर पहिला हक्क कफन-दफनाचा. मग कर्ज, मग वसियत, मग वारस. म्हणजे व्यवस्था लावण्याचा खर्च सगळ्यात आधी, हे आपल्यालाही मान्य आहे. कफनच नसेल तर पुढचं काहीच होणार नाही. पण तेच फुकहा पुढे म्हणतात की कफन माणसाच्या ऐपतीला शोभेल एवढंच असावं, आणि मयत कर्जात बुडालेला असेल तर धनको उभे राहून सांगू शकतात की जादा कपडा आमच्या पैशातून नको, गरजेपुरता पुरे. पहिला हक्क असणं आणि अमर्याद हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं साधं तत्त्व त्यात आहे. आपल्या दिवाळखोरीच्या कायद्यानं यातला पहिला भाग घट्ट धरला आणि दुसरा समित्यांच्या आणि कोर्टांच्या मर्जीवर सोडून दिला.

मामूंचा खटला जुन्या कायद्यातला. प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०. इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांना १९०९ चा वेगळा कायदा दिला होता. नागपूरसारख्या गावांना हा. तो गेला असं समजू नका. नव्या संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांचा भाग अजून सगळ्यांना लागू केलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता चालू झाला. म्हणजे गांधीबागेतला, इतवारीतला साधा दुकानदार उद्या बुडाला तर त्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा. त्याच्या ५६ व्या कलमात रिसीव्हरचं मानधन मालमत्तेतून ठरवून द्यायची सोय आहे. ५९ व्या कलमात कोर्टाच्या परवानगीनं वकील नेमायची सोय आहे. ६१ व्या कलमात वाटपाचा क्रम आहे, आणि तिथे कारकून, नोकर, मजूर यांच्या आधीच्या चार महिन्यांच्या पगाराला अग्रक्रम दिला आहे. किती पगाराला? मूळ कायद्यात आकडा आहे वीस रुपये. महिन्याला वीस नव्हे, एकूण वीस.

१९२० साली वीस रुपयांना किंमत होती, मान्य. पण शंभर वर्षांत वकिलाची फी बाजारभावानं वाढत गेली. ती वाढवायला कुणाला कायदा बदलावा लागला नाही, कारण तिथे आकडा लिहिलाच नव्हता. कोर्टाला योग्य वाटेल ते. मजुराच्या ताटापुढे मात्र आकडा लिहून ठेवला आणि तो तसाच गोठला. आणि तरी म्हणतात की कायदा सगळ्यांना एका नजरेनं पाहतो.

आता नवा कायदा. कंपन्यांसाठी तो २०१६ च्या अखेरीस सुरू झाला आणि त्यात बरंच चांगलं आहे, हे आधी सांगते. पूर्वी कंपनी बुडाली की वीस-वीस वर्षं कुलूप लागून राहायची. आपल्या एम्प्रेस मिलचं पाहा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली गिरणी. गांधीबागेतून पायी जाण्याच्या अंतरावर. १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे आणि त्या मॉललाही २०१९ साली बँक घोटाळ्याच्या तपासात ईडीनं जप्ती लावली होती. ज्या जमिनीवर आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येकांचे आजोबा भोंग्यावर पळत जायचे, तिची ही कहाणी. तेव्हा लवकर निकाल लावणारा कायदा हवाच होता.

पण पाहा, त्यातला क्रम काय आहे. कंपनी विकायला काढली तर ५३ व्या कलमानुसार पहिल्या पायरीवर प्रक्रियेचा खर्च, पूर्णच्या पूर्ण. दुसऱ्या पायरीवर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तिच्या बरोबरीनं तारण सोडून दिलेल्या बँका. मग बाकी कर्मचाऱ्यांचे १२ महिने. मग इतर. माल पुरवणारा, वाहतूक करणारा, डबे बनवणारा छोटा कारखानदार पार खाली. ज्या समितीत निर्णय होतात तिथे मत बँकांचं आणि तत्सम वित्तीय धनकोंचं. माल पुरवणाऱ्याला सहसा मत नाही. पहिल्या पायरीवर काय काय चढवायचं हेही तीच समिती ठरवते.

पहिल्या पायरीवर बसलेल्याची किमान फीसुद्धा नियमांनी बांधून दिली आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून नेमलेल्या व्यावसायिकाला, दावे ५० कोटींपर्यंतचे असतील तर महिन्याला किमान एक लाख. त्यावर ५०० कोटींपर्यंत दोन लाख. अडीच हजार कोटींपर्यंत तीन. दहा हजार कोटींपर्यंत चार. त्याच्यावर पाच लाख. हे किमान. समितीला वाटलं तर जास्त. वकिलांची फी याच्या बाहेर, वेगळी. मी शिक्षिका आहे, किमान वेतनाचं महत्त्व मला कुणी शिकवू नये. व्यावसायिकाला किमान हवं, जरूर हवं. पण त्याच कायद्याच्या नियमावलीत ११ वा नियम आहे. त्याचं सार असं की धनकोनं आपलं येणं सिद्ध करायचा खर्च स्वतः सोसायचा. बुडवणाऱ्याच्या बाजूनं कंपनी सांभाळणाऱ्याचा खर्च कंपनीतून, आणि ज्याचे पैसे बुडाले त्यानं पुरावा गोळा करायचा, वकील लावायचा, मुंबईला जायचं, तो सगळा खर्च त्याच्या खिशातून.

मुंबई का म्हणते? कारण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं खंडपीठ महाराष्ट्रासाठी मुंबईत आहे. नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, हिवाळी अधिवेशन आहे, उपराजधानीचा मान आहे, पण कंपनी बुडाली तर आठशे किलोमीटर जा. नागपूरचीच मुरली इंडस्ट्रीज घ्या. कागद, खाद्यतेल आणि चंद्रपूर जिल्ह्यात नारंडा इथं सिमेंट कारखाना. एप्रिल २०१७ मध्ये प्रक्रिया सुरू झाली, जुलै २०१९ मध्ये दालमिया सिमेंटचा ४०२ कोटींचा आराखडा मुंबईत मंजूर झाला, ताबा मिळाला सप्टेंबर २०२०. त्या खटल्यात कुणी फी जास्त घेतली असं मी म्हणत नाही, मला तसं काही सुचवायचंही नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला हे चांगलंच. मला फक्त अंतर आणि काळ दाखवायचा आहे. साडेतीन वर्षं. कोरपना तालुक्यातल्या एखाद्या छोट्या ठेकेदारानं या साडेतीन वर्षांत मुंबईच्या किती फेऱ्या मारायच्या? आणि नाही मारल्या, दावा दाखल करायचा राहिला, तर? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आराखड्यात न आलेले जुने दावे संपले. त्याच वर्षी याच कंपनीच्या प्रकरणात नागपूर खंडपीठानं आयकर खात्याची जुन्या वर्षांची नोटीसही रद्द केली. जिथे आयकर खात्याचं चाललं नाही, तिथे ठेकेदाराचं काय चालणार.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल एकाशेजारी एक ठेवून वाचा, असं मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला म्हटलं. तो आता वकिली करतो. पहिला मार्च २०२१ चा, आलोक कौशिक यांचा. दिवाळखोरीची प्रक्रियाच वरच्या न्यायाधिकरणानं रद्द केली, मग आधी नेमलेल्या मूल्यांकनकाराच्या फीचं काय? न्यायाधिकरण म्हणालं, आता आमचं काम संपलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संपलं नाही, फीचा वाद तुम्हीच ऐका. दुसरा जानेवारी २०२२ चा, देवराजन रामन विरुद्ध बँक ऑफ इंडिया. मुंबईच्या न्यायाधिकरणानं व्यावसायिकाची फी ठोकळ पाच लाख ठरवली होती. का पाच, ते सांगितलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश बाजूला ठेवला. कारणं द्या, पुन्हा ठरवा. दोन्ही निकाल मला पटतात. काम केलं त्याला दाम मिळालाच पाहिजे, आणि दाम ठरवताना कारण सांगितलंच पाहिजे.

तिसरा निकाल एप्रिल २०२२ चा, एबीजी शिपयार्डच्या कामगारांचा. प्रक्रिया चालू असतानाच्या महिन्यांचा पगार पहिल्या पायरीवर धरा, अशी त्यांची मागणी. न्यायालय म्हणालं, त्या काळात कंपनी खरोखर चालू होती आणि तुम्ही खरोखर काम केलं हे सिद्ध झालं तरच. नाहीतर खालच्या पायरीवर. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांना मात्र हात लावायचा नाही, हेही त्याच निकालात आहे आणि ते मोठं आहे, ते लपवणार नाही. पण कसोटी बघा. यार्डाचं फाटक बंद कुणी केलं? कामगारानं नाही. तो यायला तयार होता, काम नव्हतं. त्याला विचारलं जातं, प्रत्यक्ष काम केलंस का, दाखव. हाच प्रश्न पहिल्या पायरीवरच्या प्रत्येक बिलाला इतक्याच कडकपणे विचारला जातो का? तारीख लागली, पुढे ढकलली, वकील उभे राहिले आणि खाली बसले. त्या दिवसाची फी ‘प्रत्यक्ष काम’ म्हणून धरायची की नाही?

माझा विद्यार्थी चिडला. म्हणाला, “मॅडम, तुम्ही एकच बाजू सांगता. मालक बुडायच्या आधी बायकोच्या, मेव्हण्याच्या नावानं माल फिरवतो. तो परत कोण आणणार? वकीलच ना? फी नाही दिली तर चांगला वकील अशा कामाला हातच लावणार नाही, आणि मग तुमच्या मामूंना पाच पैसेही मिळणार नाहीत.”

त्याचं म्हणणं खरं आहे. या मुद्द्याला मी बगल देणार नाही. अमेरिकेत बर्नार्ड मॅडॉफचा महाघोटाळा डिसेंबर २००८ मध्ये उघडा पडला. तिथल्या विश्वस्तानं आणि त्याच्या वकिलांनी एक अब्ज डॉलरच्या वर फी घेतली. ऐकून डोळे पांढरे होतात. पण त्यांनी १४ अब्ज डॉलरहून जास्त परत मिळवले, आणि महत्त्वाचं म्हणजे ती फी बुडालेल्यांच्या पैशातून गेली नाही. शेअर दलालांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या एका संरक्षक निधीतून गेली. वसूल झालेला पैसा बुडालेल्यांकडे. मोठ्या फीला माझा विरोध नाही. ती कुणाच्या ताटातून उचलली जाते, हा माझा प्रश्न आहे.

आणि तिथलाच दुसरा खटला, असार्को या तांब्याच्या कंपनीचा. वकिलांनी कंपनी सावरली, धनकोंचे पैसे मिळवून दिले. त्यांना सुमारे १२ कोटी डॉलर फी मिळाली, वर चाळीस लाखांचं बक्षीस. मग कंपनीनं त्या फीवर हरकत घेतली, वकिलांनी ती हरकत परतवली, आणि परतवण्याच्या कामाचे आणखी पन्नास लाख डॉलर मागितले. जून २०१५ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. कंपनीसाठी केलेल्या कामाची फी घ्या. स्वतःच्या फीसाठी भांडलात ते काम तुमचं, तिचं नव्हे. मामूंच्या हिशेबातली ती तिसरी ओळ मला तेव्हा पुन्हा आठवली. ही रेघ आपल्या नियमांतही स्पष्ट शब्दांत यायला हवी, कारण इथे जी रक्कम बुडते ती कुणाच्या तरी मागाची मजुरी असते.

काळाचीही गोष्ट आहेच. कायद्यानं ३३० दिवसांची मर्यादा घातली. प्रत्यक्षात सरासरी तिच्या दुपटीच्या घरात आहे. महिन्यावर फी असली की महिने वाढले तर कुणाचं नुकसान होतं ते उघड आहे. नियम करणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. कंपनी विकून टाकायची वेळ येते तेव्हा परिसमापकाची फी टक्क्यांवर येते, आणि ती उशिराबरोबर घटते. पहिल्या कोटीच्या वसुलीवर पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, पुढच्या सहा महिन्यांत ३.७५, त्यानंतर १.८८. किती शहाणपणाची व्यवस्था! मग आधीच्या टप्प्यात, जिथे खरा वेळ जातो, तिथे महिन्याचं मीटर का? वेळेत काम केलं तर बक्षीस ठेवलं आहे, पण उशीर केला तर किमान फी कमी होत नाही. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. कंपनी विकून टाका हा अखेरचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला आला. आता कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी मोजायची ती विक्री सुरू होण्याच्या आधीच्या दोन वर्षांची. त्या दोन वर्षांत विमानच नव्हतं तर पगार कुठला, असा प्रश्न ज्याच्या पुढ्यात येतो त्याला या साडेपाच वर्षांची खरी किंमत विचारा.

सहकारी बँकांचं दुखणं वेगळं, थोडक्यात सांगते. बँक अवसायनात गेली की पाच लाखांपर्यंत विमा मिळतो, २०२० पासून. आधी एकच लाख होता. मग अवसायक वसुली करतो, खर्च बाजूला काढतो, विमा महामंडळाचे पैसे फेडतो, आणि पाच लाखांच्या वरचा ठेवीदार रांगेत शेवटी. पतसंस्थेला तर तो विमाही नाही. आमच्या भागात बायका भिशीचे आणि शिलाईचे पैसे पतसंस्थेत ठेवतात, आणि पावतीवर काय छापलंय ते वाचत नाहीत.

आता आपल्या घरात वळते, कारण दुसऱ्यांना शिकवायचं आणि स्वतः सुटायचं हे बरं नाही. अमानत सांभाळणाऱ्यानं किती घ्यावं, यावर सूरे निसाच्या सहाव्या आयतीत यतीमांच्या मालाबद्दल जे आलं आहे त्याचा आशय आपल्या मुलांनाही पाठ आहे. सांभाळणारा खाऊनपिऊन सुखी असेल त्यानं लांब राहावं, गरजू असेल त्यानं रास्त तेवढं घ्यावं. गंमत अशी की खासगी ट्रस्टसाठीच्या १८८२ च्या इंग्रजी अमलातल्या कायद्याचं ५० वं कलमही जवळपास तिथेच पोचतं. आधी ठरलं नसेल तर विश्वस्ताला आपल्या कष्टाबद्दल आणि वेळेबद्दल मानधनाचा हक्क नाही. जकात गोळा करणाऱ्याला जकातीतूनच मेहनताना द्यायला कुरआनची परवानगी आहे. पण शाफई मत तो आठव्या हिश्श्याशी बांधतं आणि हनफी फुकहा निम्म्याच्या वर जाऊ देत नाहीत. मामूंच्या हिशेबात ४,१२,००० पैकी २,९७,००० खर्चात गेले होते. सत्तर टक्क्यांच्या वर. ज्या फिक्हला लोक जुनाट म्हणतात, तिनं तो कागद परत पाठवला असता.

आणि आपण काय करतो? रमजानमध्ये कमिशनवर चंदा फिरवणारे आपलेच. कुणी विचारत नाही की शंभरातले यतीमापर्यंत किती पोचले. वक्फच्या दुकानगाळ्यांवरून दोन गट कोर्टात जातात. आजचा मुतवल्ली कालच्या मुतवल्लीविरुद्ध. दोघांचेही वकील गाळ्यांच्या भाड्यातून. भांडण दोन माणसांच्या इज्जतीचं, बिल मशिदीच्या नळाचं आणि मदरशाच्या पंख्यांचं. अशी एक बैठक मी स्वतः पडद्याआडून ऐकली आहे. वकिलाला किती दिले असं एका म्हाताऱ्यानं विचारलं, तर उत्तर आलं, “चाचा, ये कोर्ट का मामला है, आप नहीं समझेंगे.” चाचांनी पन्नास वर्षं गांधीबागेत मुनिमी केली होती. हिशेब त्यांना कळत नाही असं म्हणणाऱ्याची मला कीव आली. वक्फ कायद्यावर आज देशभर जी धुमश्चक्री चालू आहे तिच्यात आपण सरकारला हजार प्रश्न विचारतो, विचारलेच पाहिजेत. पण मुतवल्लीनं वकिलाला दिलेली पावती नोटीस बोर्डावर लावायला कुठल्या सरकारनं अडवलं आहे?

कायद्याच्या बाजूनं माझं मागणं फार मोठं नाही. वकिलांची फी उघड करावी असं नियामक मंडळानं २०१८ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे. ती माहिती कुठल्या तरी संकेतस्थळाच्या पोटात इंग्रजीत पडून असते. ती धनकोला त्याच्या भाषेत टपालानं पाठवा. किती तास काम, कुठली तारीख, काय निकाल. कामगारांचा एक वकील मालमत्तेच्या खर्चातून द्या, म्हणजे अकराव्या नियमाचा डंख थोडा कमी होईल. महिन्याचं मीटर उशिराबरोबर उतरतं करा. खर्च एकूण वसुलीच्या ठराविक हिश्श्यावर गेला की पुढचा रुपया धनकोंना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि त्या विचारण्यात माल पुरवणाऱ्यालाही मत द्या. नागपुरात खंडपीठ येईल तेव्हा येवो, निदान कामगारांच्या दाव्यांची सुनावणी इथून व्हिडिओवर हक्कानं व्हावी, कुणाच्या मेहेरबानीनं नको. आणि १९२० च्या कायद्यातले ते वीस रुपये खोडा. गांधीबागेतल्या हमालाला, गुमास्त्याला आजही तोच कायदा लागतो. संसदेत या कलमावर बोलायला पाच मिनिटं पुरतील.

मामू २०१५ मध्ये गेले. १,९२० रुपयांचा धनादेश त्यांनी वटवला होता. पैसे आले त्या दिवशी त्यांनी मागावरच्या त्या दोघांना बोलावलं. एकाचा मुलगा आला, दुसरा स्वतः आला. मजुरी तर १९९६ सालीच दिली होती. मामूंनी त्यांना हिशेबाचा कागद दाखवला, माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला, आणि प्रत्येक ओळीला विचारत गेले, “ये ठीक है? ये ठीक है?” गोदामाच्या भाड्याला दोघांनी मान हलवली. पहारेकऱ्यालाही हलवली. वकिलाच्या ओळीवर आल्यावर जो स्वतः आला होता तो म्हणाला, “फिरसे पढ़ो, आपा.”